माणूस टाकून देऊ नये

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत धारूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांस या मालेत बोलण्यास सांगितले, तेव्हा विषय आमच्यावरच सोपविला. आम्ही काही विद्वान वक्ते नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत लिपिक आणि सकाळ-संध्याकाळ विहारातील अभ्यासिका पाहणारे एक कार्यकर्ते, एवढीच आमची ओळख. तेव्हा ग्रंथांतले थोडे आणि अंगावर आलेले थोडे, असे मिळून बोलणार आहोत. विषय आहे बिघडलेला मुलगा. खरे म्हणजे, ज्याला ‘बिघडलेला’ म्हणून आपण मोकळे होतो, तो मुलगा.

आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या या डोंगरपट्ट्यातून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एक कोयता कारखान्यावर जातो. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारी कोपीत पाच-सहा महिने संसार होतो. लहान लेकरे सोबत जातात. शाळेतली मोठी पोरे मागे आजी-आजोबांकडे राहतात. आजीच्या मायेत कमी नसते, पण आजीला नीट दिसत नाही आणि गुडघे चालू देत नाहीत. पंधरा-सोळा वर्षांचे पोर दिवसभर कुठे असते, हे तिला कळायचे कसे? यात दोष आजीचा नाही आणि आई-बापाचाही नाही. पण दोष कोणाचाही नसला, तरी पोर मात्र एकटे पडते.

अशाच एका घरातील मुलाची ही हकिकत आहे. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही. आज तो गावात मान वर करून चालतो आणि ती मान तशीच राहावी, अशी आमची इच्छा आहे. त्या वेळी त्याचे वय सोळा. दहावीत दोन विषय राहिलेले. बसस्थानकावर टोळके, तोंडात गुटखा, मोबाईलवर पैशाचे खेळ आणि अधूनमधून मारामारी. अभ्यासिकेत तो येई, पण पुस्तकासाठी नव्हे. पंख्याखाली बसायला येई.

वैशाख पौर्णिमेसाठी जमविलेल्या वर्गणीच्या डब्यातून एके दिवशी १,८५० रुपये गेले. कपाटाचे कुलूप फुटलेले नव्हते. किल्ली कोठे ठेवतात हे त्याला माहीत होते आणि दोन मुलांनी त्याला कपाटापाशी पाहिले होते. विचारले तर म्हणाला, “म्या नाय घेतले. आईची शप्पत.”

त्याच रात्री विहारात बैठक बसली. कोणी म्हणाले, पोलिसांत द्या. कोणी म्हणाले, अभ्यासिकेची पायरी चढू देऊ नका, नाहीतर चांगली पोरे बिघडतील. एका वडीलधाऱ्या, वाचन असलेल्या उपासकांनी तर ग्रंथाचा आधार दिला. ते म्हणाले, “भगवंतांनी छन्नाला ब्रह्मदंड दिला होता. भिक्खूंनी त्याच्याशी बोलायचे नाही, असे सांगितले होते. आपणही या पोराशी कोणी बोलू नये.”

खरे सांगायचे, तर त्या रात्री आम्हीही हकालपट्टीच्याच बाजूचे होतो. डब्याचा हिशेब आमच्याकडे होता. बँकेतल्या माणसाच्या हातून समाजाचे पैसे गेले, लोक काय म्हणतील, ही चिंता आम्हांस त्या मुलापेक्षा मोठी वाटत होती. बैठक उठायच्या बेतात असताना त्याची आजी काठी टेकीत आली. दारातच उभी राहून म्हणाली, “साहेब, चुकलं आसंल तर हाना त्याला. पण टाकू नका.” एवढे बोलून ती बसली नाही, रडलीही नाही. आली तशी परत गेली. निर्णय दुसऱ्या दिवसावर गेला.

दुसऱ्या दिवशी बँकेत नेमकी रोकड जुळेना. दहा रुपयांचा फरक होता. संध्याकाळी सारा कर्मचारीवर्ग थांबला, एकेक पावती पुन्हा तपासली, बेरजा पुन्हा केल्या आणि साडेसातला चूक सापडली. घरी जाताना मनात विचार आला. दहा रुपयांसाठी आम्ही दोन तास बसलो. खातेवही काही कोणी उकिरड्यावर फेकली नाही. मग माणसाचा हिशेब चुकला, तर एका रात्रीत त्याला फेकून देण्याची घाई आपल्याला का व्हावी?

त्या रात्री आम्ही ग्रंथ उघडले. अंगुत्तर निकायात केसी नावाच्या अश्वदमकाची गोष्ट आहे. अश्वदमक म्हणजे घोड्यांना शिकवून तयार करणारा. भगवंत त्याला विचारतात, की तू घोडे कसे शिकवतोस? केसी सांगतो, की काहींना मी मायेने शिकवतो, काहींना कठोरपणे, काहींना माया आणि कठोरपणा दोन्ही वापरून. आणि या तिन्ही प्रकारांनी जो शिकत नाही त्याला मी मारून टाकतो, नाहीतर माझ्या गुरुकुलाची अपकीर्ती होईल. मग तो उलट विचारतो, की आपण माणसांना कसे शिकवता? भगवंत म्हणतात, की मीही तसाच. काहींना मृदूपणे, काहींना कठोरपणे, काहींना दोन्ही रीतींनी. आणि जो कशानेही शिकत नाही, त्याला मीही मारतो. केसी चकित होतो. प्राणिहत्या वर्ज्य असणारा तथागत मारतो म्हणजे काय? तेव्हा भगवंत अर्थ सांगतात. आता याला काही सांगण्यात, शिकवण्यात अर्थ नाही, असे ज्याच्याविषयी ठरवले जाते आणि ज्याच्याशी बोलणे थांबते, तो धम्माच्या मार्गावर मेलाच.

बंधू-भगिनींनो, हे वाचून आम्ही हादरलो. आदल्या रात्रीच्या बैठकीत आम्ही काय करायला निघालो होतो, ते आम्हांस कळले. बोलणे थांबविणे ही साधी शिक्षा नाही. भगवंतांनी त्याला मारणे म्हटले आहे.

मग छन्नाचे काय? तोही प्रसंग आम्ही पुन्हा वाचला. छन्न हा सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या वेळचा सोबती. पुढे भिक्खू झाल्यावरही त्याची घमेंड गेली नाही. भगवंतांनी ब्रह्मदंड सांगितला तो महापरिनिर्वाणाच्या वेळी, म्हणजे वर्षानुवर्षे सांगून झाल्यावर. त्याला संघातून हाकलले नाही. ती शिक्षा सांगायला आनंद स्वतः कोसंबीला गेले. छन्न खचला, मग एकांतात साधना करू लागला, अर्हत झाला आणि त्याच क्षणी दंड संपला. तेव्हा त्या उपासकांना आम्ही नम्रपणे विचारले, “दादा, भगवंतांनी ती पायरी अगदी शेवटी ठेवली. आपण या पोराला पहिलीच पायरी ती द्यायची काय?” ते मोठ्या मनाचे. म्हणाले, “मग तुम्ही पाहा. पण लाड करू नका.” त्यांचे हे सांगणेही आम्ही गाठीशी बांधले.

आता खोटेपणाचे काय करायचे, हा प्रश्न होता. चोरीपेक्षा आईची खोटी शपथ आम्हांस जास्त टोचत होती. येथे राहुलाची गोष्ट उपयोगी पडली. राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहुल राहत होता. भगवंत त्याला भेटायला गेले. राहुलाने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी ठेवले. भगवंतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवले. ते दाखवून म्हणाले, की जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रामण्य एवढेसेच असते. मग ते पाणी ओतून टाकले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे केले. प्रत्येक वेळी तेच सांगितले: टाकून दिलेले, पालथे झालेले, रिकामे. पुढे आरशाचा दाखला दिला. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कृत्य करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे, की याने स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख होते काय? हा उपदेश इतका महत्त्वाचा, की सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात ज्या धम्मग्रंथांची नावे कोरली, त्यांत राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेल्या या उपदेशाचे नाव आहे.

लक्षात घ्या, येथे बाप मुलाकडे स्वतः चालत गेला आहे. त्याने आवाज चढविला नाही, चारचौघांत बोलला नाही. पण खोट्याला खोटेच म्हटले.

आम्ही त्याच्या घरी गेलो. आजीने चहा ठेवला. पाय धुवायला त्यानेच तांब्या आणून दिला. तांब्यात उरलेले पाणी दाखवून आम्ही राहुलाची गोष्ट सांगितली आणि गप्प बसलो. चोरीचे नावही काढले नाही. निघताना एवढेच म्हणालो, “उद्या सकाळी सहाला अभ्यासिकेत ये. आलास तरी बोलू, नाही आलास तरी परत मीच येईन.” तो आला नाही. आम्ही परत गेलो. चौथ्या दिवशी तो आला आणि कपाटाशी उभा राहून म्हणाला, “काका, म्याच घेतले.” बरेचसे पैसे मोबाईलवरच्या खेळात गेले होते, उरलेले टोळक्यात संपले होते.

त्या सकाळी आम्ही त्याला शाबासकी दिली नाही आणि शिवीही दिली नाही. त्याला एक हकिकत सांगितली, ती आपणही ऐकावी.

साताऱ्यात एक मुलगा होता. आई लवकर गेलेली. वडिलांनी दुसरे लग्न केले, ते त्याला मुळीच आवडले नाही. अभ्यासात मन लागेना. मुंबईला पळून जावे, गिरणीत काम करावे आणि कोणाच्या मिंध्यात राहू नये, असे त्याने ठरविले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. म्हणून रात्री आत्याच्या कमरेचा बटवा काढून घेण्याचा बेत केला. तीन रात्री जमले नाही. चौथ्या रात्री बटवा हाती लागला, त्यात निघाला फक्त अर्धा आणा. मुलगा ओशाळला. पळून जाण्याचा विचार त्याने सोडला आणि मन लावून अभ्यास करायचे ठरविले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः सांगितली असून धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात ती आलेली आहे.

पण निश्चय मुलाने केला, तरी तो टिकवायला माणसे लागतात. भीमरावांना ती लाभली. सुभेदार रामजी कडक शिस्तीचे. मुंबईला परळच्या एका खोलीत सारे कुटुंब. मुलाला लवकर निजवून ते स्वतः जागत आणि रात्री दोन वाजता त्याला अभ्यासाला उठवत. त्याने पुस्तक मागितले की हाती पैसे नसले तर विवाहित मुलीकडे जात, तिचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत आणि पेन्शन आली की दागिना सोडवून देत. मुलगा त्यांच्याशी वादही घाली. महाभारत-रामायण आम्हांला कशाला वाचायला लावता, असे त्याने विचारले. रामजींनी आपली बाजू समजावली. मुलाला ती पटली नाही, पण म्हणून बोलणे बंद झाले नाही.

दुसरे म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी. शिक्षक, लेखक, जातीने वेगळे, नात्याने कोणी नव्हेत. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा एकटाच वाचत बसतो, हे त्यांच्या नजरेस आले. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे शिक्षण अडले तेव्हा महाराजा सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द टाकून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९०७ साली दिलेले ते पुस्तक आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी यांमध्ये ४९ वर्षे आहेत. बागेत एका मास्तरांनी एका मुलाची विचारपूस केली, त्याचे फळ किती लांब जाऊन पोचले, ते पाहा.

आमच्या मुलाने विचारले, “बाबासाहेबांनी बटवा काढला व्हता?” आम्ही म्हणालो, “होय, आणि लपविले नाही. स्वतः सांगितले.” त्या पोराच्या चेहऱ्यात तेव्हा जो बदल झाला, तो आमच्या कोणत्याही उपदेशाने झाला नसता.

मग आम्ही तीन अटी घातल्या. पहिली, पैसे दर आठवड्याला शंभराच्या हप्त्याने फेडायचे; ते स्वतः कमावलेले हवेत, आजीकडचे किंवा आई-बापांच्या उचलीतले नकोत. दुसरी, सकाळी सहाला अभ्यासिका झाडायची आणि मग तेथेच एक तास बसायचे. तिसरी, काही चुकले तर गावाने सांगण्याआधी त्याने स्वतः आम्हांस सांगायचे. आम्हीही एक अट पाळली. चोरीचा विषय त्याच्यापुढे पुन्हा काढायचा नाही. हप्ता मागायचा, चोरी काढायची नाही.

तो लग्नांत वाढपी म्हणून जाऊ लागला, बाजारच्या दिवशी पोती उचलू लागला. आम्ही प्रत्येक हप्त्याची पावती दिली, तारीख घालून, सही करून. बँकेतल्या माणसाला तेवढे तर येते! पावती हातात पडली की त्याला वाटे, आपल्या शब्दाला किंमत आहे.

सारे सरळ झाले असे मात्र समजू नका. सहा हप्ते झाले आणि तो एका ट्रकवर क्लीनर म्हणून पुण्याला पळाला. फोन उचलेना. बैठकीतले काही लोक म्हणाले, “बघा, सांगितले नव्हते?” आमच्या सौभाग्यवतींनी मार्ग सुचविला. रोज रात्री त्याला एकच निरोप पाठवायचा: “जेवलास का? हप्ता राहिला आहे.” बारा दिवस आम्ही हाच निरोप पाठविला. ना रागावलो, ना विनवण्या केल्या. तेराव्या दिवशी पहाटे अभ्यासिकेत दिवा दिसला. तो झाडत होता. आम्हीही केरसुणी घेतली. राहिलेले दोन हप्ते मात्र सोडले नाहीत.

अठरा हप्ते शंभराचे आणि एकोणिसावा पन्नासाचा. तो फिटला त्या दिवशी आम्ही वर्गणीच्या कपाटाची किल्ली त्याच्या हातात दिली. कार्यकारिणीत यावर बराच वाद झाला. पण ज्याला कधीच किल्ली मिळणार नाही, त्याने हिशेब फेडायचा कशासाठी?

आज तो मुलगा पुरवणी परीक्षेत दहावी पास होऊन आयटीआयला वायरमनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा विहाराची रोषणाई त्यानेच केली. संत झालेला नाही. डोके अजून तापते. मागच्या वर्षी एकदा पुन्हा मोबाईलवर तीनशे रुपये घालवून बसला; पण संध्याकाळी स्वतः येऊन सांगितले. आम्ही ती तिसरी अट घातली, ती यासाठीच.

या अनुभवातून जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो. माया आणि शिस्त या दोन वेगळ्या माणसांत वाटून देऊ नका. बाप मारतो आणि आई पदराआड घेते, अशाने मुलाला दोन्हींचा उपयोग होत नाही. एकाच माणसाने जेवलास का विचारावे आणि त्यानेच हप्ताही मागावा. मारू तर नकाच. मार खाल्लेले पोर चूक विसरते, मार लक्षात ठेवते. अटी थोड्या ठेवा, पण ठेवल्या त्या सोडू नका. चारचौघांत पाणउतारा करू नका. आणि गाव लवकर विसरत नाही, याची मुलाला कल्पना द्या. अंगुलिमाल भिक्खू झाल्यावरही श्रावस्तीत लोकांचे दगड लागून रक्तबंबाळ परतला. भगवंतांनी त्याला जवळ केले, पण सांगितले, की हे सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. आमच्या मुलाला पाहून अजून एखादा दुकानदार गल्ला सरकवतो. तो घरी येऊन चिडतो. आम्ही म्हणतो, “सोस. हेही हप्तेच आहेत.”

आणखी एक. सारे आपल्याच्याने होते, असा अहंकार बाळगू नये. मुलगा व्यसनात खोल गेला असेल, दिवसेंदिवस झोपत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर उपदेश बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा आणि लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा सरकारी क्रमांक आहे. दोन्ही विनामूल्य आहेत. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलेच, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. कायदासुद्धा मुलाला टाकून द्यायला सांगत नाही.

शेवटी एकच सांगतो आणि थांबतो. आपल्या आजा-पणजांना पाणवठा बंद होता, देऊळ बंद होते, शाळेत गोणपाटावर बाहेर बसावे लागे. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापिलेल्या सभेच्या नावात ‘बहिष्कृत’ हा शब्द होता आणि १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाच्या नावातही तोच होता. तो शब्द आपल्या नशिबातून पुसण्यासाठी त्यांनी हाडांची काडे केली. ज्यांच्या पूर्वजांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांनी आपल्याच एका पोराला विहाराच्या पायरीबाहेर ठेवायचे काय? याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

ती आजी गेल्या वर्षी वारली. तिने आम्हांस एक वाक्य दिले, आम्ही ते आपल्या स्वाधीन करतो. चुकेल त्याला बोला, त्याच्याकडून हिशेब घ्या, कठोरही व्हा. पण टाकू नका.